झेबिनिसोच्या अंगणातली लाल रेघ

१

गुरुवारी सकाळी ओळंबा आणि दोरी घेऊन मी झेबिनिसोच्या फाटकातून आत शिरलो, तर तिच्या तंदूरवर लाल पट्टा. चार बोटं रुंद, तांबडाभडक. तिथून पुढं अंगणात एक लोखंडी खुंटी ठोकलेली, मग स्वयंपाकघराच्या दारावर पट्टा, मग मागच्या भिंतीवर. करवत फिरवायच्या आधी सुतार फळीवर खूण करतो ना, तशी कुणी घरावर खूण करून गेलेलं.

झेबिनिसो पायरीवर बसली होती. हाताला कोपरापर्यंत कणीक. ती वाळून तडकली होती, म्हणजे बाई बराच वेळ तशीच बसलेली.

"काल मी बहिणीकडं गेले होते, उस्ता," ती म्हणाली. "मागं हे. फाटकावर कागद पण आहे."

"काय म्हणतो कागद?"

"इथनं रस्ता जाणार आहे म्हणे. पुढंमागं कधीतरी. तोवर जागा राखीव. बांधायचं नाही, दुरुस्त करायचं नाही, विकायचं नाही."

"कधी जाणार रस्ता?"

"ते लिहिलेलं नाही."

मी गवंडी माणूस. नाव नोरमत, पण कारागिराला सगळे उस्ताच म्हणतात. शाळेत बसलो त्यापेक्षा जास्त वेळ शाळेच्या छपरावर बसलोय, पत्रे ठोकत. मला कागदातलं कळत नाही. पण त्या दिवशी मी तिथं दोन खोल्यांचा पाया आखायला आलो होतो, हे मला पक्कं कळत होतं. तिचा एकुलता एक दावरोन उत्तरेला रशियात इमारतींवर राबतो. बायको, पाच महिन्यांचं पोर, आणि एका खोलीत आणखी दोन बिऱ्हाडं. बर्फ पडायच्या आत ते कायमचे घरी यायचे होते. नातू झेबिनिसोनं फोनमध्ये पाहिलेला, हातात घेतलेला नव्हता. तिघांनी यायचं तर त्या दोन खोल्या उभ्या राहायला हव्यात. बस, एवढीच गोष्ट होती.

"पण उस्ता," ती म्हणाली, "रेघ तर मिरवलीच्या बागेत होती ना?"

मीही तोच विचार करत होतो. आमची गल्ली आंधळी. पुढं भिंतीवर आपटून संपते. पलीकडं दोन जागा शेजारी शेजारी: डावीकडं मिरवलीची बाग, उजवीकडं झेबिनिसोचं घर. चौतीस वर्षांपूर्वी शहरानं ठरवलं, की ही गल्ली एक दिवस फोडून मागच्या मोठ्या रस्त्याला जोडायची. तेव्हा रस्त्याची रेघ मारली ती मिरवलीच्या बागेच्या पोटातून. उभ्या मोहल्ल्याला ठाऊक आहे. म्हणून तर तिथं कुणी वीट लावली नाही. मिरवली कापडी मांडव घालतो, टेबलं मांडतो आणि लग्नाची जेवणं करतो. त्या नकाशाची एक प्रत मोहल्ल्याच्या कचेरीत लोखंडी कपाटात असते.

"हात धू," मी म्हणलं. "कागदाला कागद दाखवू."

मोहल्ल्याचा अध्यक्ष हायितबोय. त्यानं कपाट उघडलं. गुंडाळ्यांवर गुंडाळ्या, प्रत्येकीला सुती नाडी. एक नाडी मात्र नुसतीच पडली होती, गाठ तशीच, सापानं कात टाकून जावं तशी.

आतला नकाशा नव्हता.

२

मी तडक ओयदिन ओपाकडं गेलो. ओपा म्हणजे थोरली बहीण. तिला अख्खा मोहल्ला तेच म्हणतो, वयानं थोरले असलेले सुद्धा. मोजणी खात्यात तिनं तीस वर्षं टेपचं टोक धरलं. दुसऱ्या टोकाला साहेब. आकडा वाचायचा साहेबानं, सही साहेबाची, नाव साहेबाचं. हिनं आपलं शून्य धरून चिखलात उभं राहायचं. आता आमच्या गल्लीत लेकीकडं राहते आणि दिवसभर जर्दाळू फोडते.

सगळं ऐकून ती म्हणाली, "दोन प्रश्न आहेत, उस्ता. रेघ कुणी हलवली, आणि नकाशा कुणी नेला."

"एकच आहे. दोन्हीचं उत्तर मिरवली."

"तुमच्या डोक्याला खिडकी कमी आणि दार मोठं," ती म्हणाली, आणि चपला घातल्या.

मिरवलीच्या बागेत पाऊल टाकलं आणि माझा राग मस्तकात गेला. मांडव गुंडाळून बाजूला. पायाचे खड्डे खणून तयार, सळ्या बांधलेल्या. झेबिनिसोच्या फाटकावर कागद लागून एक दिवस झाला नव्हता!

"या उस्ता, या!" मिरवली हसला. "कामाला माणूस हवाच होता."

"चोराघरी मी गवंडीकाम करत नाही."

त्याचं हसू गेलं. "चोर? चौतीस वर्षं ही जागा मढ्यासारखी पडून होती. माझा बाप एक खोली बांधू शकला नाही, मांडवाखाली मेला. तेव्हा कोण आलं होतं विचारायला? तुम्ही आलात, उस्ता? तुम्ही जेवायला यायचात."

खोटं नव्हतं.

"मी कुणाला काही दिलं नाही, कुणाला काही सांगितलं नाही," तो म्हणाला. "परवा पत्र आलं, तुमची जागा मोकळी. मी डोकं टेकवलं आणि त्याच दिवशी परवानगी काढली. उद्या रेघ परत आली तर?"

ओयदिन ओपाचं लक्षच नव्हतं. बागेच्या डाव्या कडेला तोडलेल्या झाडांचे जाड बुंधे होते, सरळ रांगेत, दोरी धरून लावल्यासारखे. त्यावर मिरवलीनं दिवे बसवलेले.

"या तुती कुणी लावल्या?"

"आजोबांनी."

"का तोडल्या?"

"वाळल्या. मी सैन्यात होतो तेव्हा वाळायला लागल्या म्हणे. पाणी पोचेना."

"तुती इतक्या सहज वाळत नाही," ओपा म्हणाली आणि वाकून एका बुंध्याभोवतीची माती बोटांनी उकरायला लागली. माती बारीक होती. पिठासारखी.

"ओपा, काय सापडलं?" मी विचारलं.

"गाळ," ती म्हणाली. "इथं, कोरड्यात."

३

हायितबोयनं आम्हाला चहा दिला, वर साखरेचे खडे आणि कालची रोटी. भला माणूस. कुणाच्या मयताला पहिला, कुणाच्या लग्नात शेवटचा.

"कपाटाला कुलूप आहे, ओपाजान, पण किल्ली हरवली त्याला सहा वर्षं झाली. खालनं लाथ घातली की उघडतं. मोहल्ल्यातलं शेंबडं पोर पण उघडेल."

"म्हणजे कुणीही नेला असेल."

"कुणीही."

"तुम्ही तो शेवटचा कधी पाहिलात?"

"मी? मी कधी उघडलाच नाही. मला नकाशातलं काय कळतंय? मी पाण्याचा माणूस." खरं होतं ते. अध्यक्ष व्हायच्या आधी तो वर्षानुवर्षं आमच्या पाटांचा राखणदार होता. कुणाच्या बागेला पाणी कधी, हे त्याच्या शब्दावर.

"झेबिनिसोचं काय होणार?" मी विचारलं.

त्यानं पेला खाली ठेवला. थोडा चहा सांडला. "काय होणार, उस्ता? नऊ मीटर म्हणजे नऊ मीटर. सरकारच्या टेपपुढं तुम्ही आम्ही कोण?"

ओयदिन ओपानं चहा संपवला, दुवा म्हणली, उठली. गल्लीत आल्यावर थांबली.

"उस्ता, रेघ कशापासून किती लांब आहे, हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"नाही."

"फाटकावरच्या कागदात आहे?"

"झेबिनिसोनं मला दोनदा वाचून दाखवला. मीटर कुठंच नाही."

"मग ज्यानं नकाशा कधी उघडला नाही त्याला नऊ कुठनं कळले?"

हायितबोय? माझ्या पोराच्या बारशाला यानं मेंढा कापला होता. "चला, आत्ता धरू त्याला!"

"बसा खाली," ती म्हणाली. "नकाशा नेल्यानं रेघ हलत नाही. चोर कळला, चोरी अजून कळली नाही."

४

मोजणी कचेरीत बोतिर भेटला. चाळिशीचा, दोन पोरांचा बाप. ओपाला बघून खुर्ची सोडून उभा राहिला. ओपाच्या शेवटच्या दोन वर्षांत तो नवीन लागला होता.

"बस रे," ती म्हणाली. "तू रेघ हलवलीस?"

"ओपा, तुमची शपथ, एक बोटभर नाही. सगळ्या शहराच्या जुन्या रेघा नव्यानं मोजून मशीनमध्ये घालायचं काम आलंय. तुमच्या गल्लीचं जुनं टिपण काढलं. त्यात लिहिलंय, पाटाच्या काठापासून उजवीकडं नऊ मीटर, तिथं रस्त्याची मधली रेघ. मी पाटावर उभा राहिलो, नऊ मीटर मोजले. आले झेबिनिसोबाईंच्या तंदूरवर."

"टिपणासोबत नकाशा असतो. तो पाहिलास?"

"आमचा तळघरात भिजून लगदा झाला. म्हणून तर मोहल्ल्याची प्रत मागितली, दोन महिन्यांपूर्वी. अध्यक्ष हायितबोय म्हणाले, सापडत नाही."

ओपानं माझ्याकडं पाहिलं. दोन महिने! म्हणजे झेबिनिसोच्या तंदूरला रंग लागायच्या कितीतरी आधी नकाशा गायब होता.

परत येताना बसमधून उतरल्यावर ती म्हणाली, "तीस वर्षांत मी एक गोष्ट शिकले, उस्ता. साहेब लोक भांडायचे आकड्यावरनं. आकडा कधी चुकत नाही. चुकतं ते शून्य. टोक कुठं धरलं होतं, ते कुणी विचारत नाही."

"मला समजेल असं बोल."

"झेबिनिसोची भिंत दाखवा."

५

तिची बागेकडची भिंत मातीची, पुरुषभर उंच. पलीकडच्या अंगाला, अगदी पायाशी, पाट वाहतो. भिंतीला गुडघाभर उंचीपर्यंत लोणा लागलेला, पांढरा, हात लावला की भुसा गळतो.

"असं का झालं?" ओपानं विचारलं.

"का म्हणजे? ओल. मातीची भिंत पाटापासनं निदान पाच पावलं लांब हवी. पाटाच्या काठावर भिंत घालणारा गवंडी म्हणजे गाढव."

"ही कुणी घातली?"

मी खाकरलो. "मी. दावरोन जन्मायच्या आधी."

"तुम्ही गाढव आहात?"

"ओपा, वयाचा मान ठेवतो म्हणून..."

"उत्तर द्या. दावरोन जन्मायच्या आधी, हातात कसब आल्यावर, तुम्ही पाटाच्या काठावर भिंत घातलीत?"

"नाही घालणार! कोण घालेल? मी ही घातली तेव्हा इथं कोरडं..."

आणि मला आठवलं.

कसं विसरलो मी? पण विसरतो माणूस. वर्षाला दहा हशर करतो आम्ही. कुणाचं छप्पर, कुणाची विहीर, कुणाचा पाट. सगळा मोहल्ला फावडी घेऊन येतो, मजुरी नाही, दुपारी पोटभर पुलाव. कोण लक्षात ठेवतो? आणि लिहीत तर कुणीच नाही. माझी आई म्हणायची, हशर कागदावर मांडला की त्याची मजुरी होते, पुण्य राहत नाही.

सत्तावीस वर्षांपूर्वीचा वसंत होता. झेबिनिसोला दावरोन झालेला, ओली बाळंतीण. नळ तेव्हा गल्लीत नव्हता. पाट होता मिरवलीच्या बागेच्या पार डाव्या कडेला, तुतींच्या रांगेतून. ही दिवसातून चार वेळा लंगोटांची पाटी घेऊन तिथवर जायची. तिचा नवरा कुदरत चहाखान्यात आला, टोपी हातात धरून म्हणाला, "भावांनो, पाट जरा माझ्या भिंतीजवळ आणता येईल का? बायको कमरेत मोडेल." मिरवलीचा बाप तिथंच होता. म्हणाला, "माझी जागा, माझी परवानगी. आणा." दुसऱ्या दिवशी साठ माणसं. दोन दिवसांत वीस पावलं उजवीकडं नवा पाट. कुदरतनं गाजरं जास्त घातलेला पुलाव केला होता, आम्ही चेष्टा केली की मांसावर गाजराची पहारेदारी आहे. आता कुदरतही नाही, मिरवलीचा बापही नाही.

आणि दोरी धरून आखणी मी केली होती. मीच.

"म्हणजे रेघ कुणी हलवली..." मी म्हणलं.

"साठ जणांनी," ओयदिन ओपा म्हणाली. "फावड्यानं. चांगलं काम करताना."

६

हायितबोयनं नाही म्हणायचा प्रयत्नही केला नाही. ओपानं 'नऊ' एवढंच म्हणलं, आणि तो उठून आतल्या खोलीत गेला. पेटीवर रजयांची थप्पी असते ना, छपराला टेकलेली, तिच्यातली मधली रजई ओढली. नकाशा तिच्यात.

"बोतिरनं मागितला तेव्हा मी उघडून बघितला," तो म्हणाला. "पाट निळा काढलाय, तुतींच्या रांगेत. तेव्हाच कळलं. पाण्याचा राखणदार मी होतो, ओपाजान. सरकारी पाट, हलवायला कागद लागतो. मी म्हणलं होतं, कशाला कागद, आपल्या माणसांचं काम. आता म्हणतील, कुणाच्या हुकमानं हलवला? माझं जाऊ दे. साठ घरांची नावं घेतील."

"आणि झेबिनिसो?" मी ओरडलो.

"मला वाटलं, नकाशा नाही मिळाला तर ते मोजणारच नाहीत. सोडून देतील." त्याचे डोळे भरले. "मला वाटलं, मी वाचवतोय."

मी त्याला शिव्या द्यायला तोंड उघडलं होतं. मिटलं. काय देणार शिव्या? तोच नकाशा त्यानं त्या दिवशी बोतिरच्या हातात दिला असता तर रेघ जागच्या जागी राहिली असती. झाकायला गेला आणि तिच्या गळ्यात घातली.

सोमवारी आम्ही तिघं नकाशा घेऊन कचेरीत गेलो. हायितबोय स्वतःहून आला, कोट घालून, शिक्षेला जावं तसा. सगळं बोलला. बोतिरनं नकाशा टेबलावर पसरला, बराच वेळ बघितला.

"तुमचं खरं आहे," तो म्हणाला. "सगळं खरं आहे."

मला इतका आनंद झाला की मी त्याचा खांदा धरला. तो मान वर करेना.

"उस्ता, रेघ मंजूर झाली. वरनं. आधी तीस दिवस हरकतीसाठी भिंतीवर लावली होती."

"कुठल्या भिंतीवर?" ओपानं विचारलं.

"आमच्या जिन्यात."

"तुमच्या जिन्यात कोण येतं?"

"कुणी नाही, ओपा."

"मग अर्ज घे. चूक दाखवलीय आम्ही."

"घेतो. शहराचा पुढचा आराखडा होईल तेव्हा विचार होईल. बारा वर्षांनी. त्यातही मिरवलीचं बांधकाम परवानगीनं उभं राहिलेलं असेल. तिथं रेघ परत कशी नेणार?"

मी टेबलावर हात आपटला. "नकोत तुमची बारा वर्षं! आम्ही पाट हलवला ना? परत नेतो. दोन दिवसांत नेतो! मिरवलीशी मी बोलतो. मग तू ये, पाटावर उभा राहा, नऊ मीटर मोज."

बोतिर माझ्याकडं असा बघत होता, की मला माझीच कीव आली.

"उस्ता, आता पाटापासून कुणी मोजत नाही. रेघ मंजूर झाली की ती उपग्रहाच्या आकड्यांत जाते. पाट तुम्ही नदीत नेऊन सोडलात तरी रेघ तंदूरवरच राहणार."

ओयदिन ओपा खिडकीबाहेर बघत होती. तीस वर्षं जिनं टोक धरलं तिला तेव्हा धरायला काही उरलं नव्हतं.

"रस्ता तरी कधी करणार आहेत?" हायितबोयनं विचारलं.

"सध्या काही योजना नाही," बोतिर म्हणाला. "नुसती जागा राखून ठेवलीय."

७

झेबिनिसोला मी सांगितलं. वाटलं होतं आरडाओरडा करेल, आम्हा साठ जणांना शाप देईल. तिनं एकच विचारलं, "लंगोटांपायी?"

मी मान हलवली.

"त्यांनी मला विचारलं होतं," ती म्हणाली. "कुदरतनं. पाट जवळ आणू का म्हणून. मी म्हणाले, आणा."

मग तिनं माझ्यासमोरच दावरोनला फोन लावला. पोरगा कामावर होता, पिवळी टोपी डोक्यात, मागं वारा.

"आई, पाया किती खोल गेला?"

तिनं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही.

"मग पुढच्या वर्षी बघू, आई."

"हो. बघू."

"तू रडतेयस?"

"कांदा चिरला."

या गोष्टीला आज चौथं वर्ष. गल्ली तिथंच आपटून संपते. मिरवलीचं लग्नघर उभं राहिलं, रंगीत काचा, कारंजं. मला त्याचा राग येत नाही, जेवायला मात्र मी जात नाही. हायितबोयनं अध्यक्षपद सोडलं. तक्रार आम्ही तिघांनी सात वेळा लिहून दिली, सात वेळा पोच मिळाली. झेबिनिसोचं स्वयंपाकघराचं छप्पर गळतं. दुरुस्ती करायची नाही म्हणून मी नुसता चिखल लिंपतो. पावसात तो उतरतो, मी पुन्हा लिंपतो.

परवा शुक्रवारी लिंपून खाली उतरलो, तर तिचा फोन चालू होता. नातू आता मोठा झालाय. बोलतो, पण तिकडची भाषा. झेबिनिसोला येते ती, शाळेत शिकलेली, आणि मलाही सैन्यातली दोन वर्षं आहेत. पोरानं फोन हातात घेतला, डोळा अगदी काचेला लावला आणि बापाला विचारलं, "ही कोण?"

झेबिनिसोनं त्याच्या भाषेत, सावकाश, एकेक शब्द जुळवत सांगितलं, "मी तुझ्या बाबांची आई."

पोरगं विचारात पडलं. मग म्हणालं, "मग आपण तुझ्याकडं का राहत नाही?"

तिनं तोंड उघडलं. सात अर्ज तिला तोंडपाठ आहेत, नकाशा तिला पाठ आहे, तारखा पाठ आहेत. तिनं माझ्याकडं पाहिलं, की उस्ता, तुम्ही सांगा.

माझ्या हाताला चिखल होता. मी तो पुसत राहिलो.